ताटावरचं नाव

नांदखेडे नगरपालिकेच्या सभागृहामागे एक अंधारी खोली आहे. पूर्वी तिथं रस्त्यावरच्या दिव्यांचं मोडकं सामान पडलेलं असे. शहाण्णव सालच्या दिवाळीपासून तिथं स्टीलची ताटं आहेत. भिंतीला लागून कमरेएवढ्या चवडी, वर जुनी धोतरं पांघरलेली. प्रत्येक ताटाच्या मधोमध कुणाचं तरी नाव कोरलेलं. खोलीची किल्ली प्रमिलाबाईंकडे असते, घरच्या कोठीच्या किल्लीसोबत एकाच जुडग्यात.

प्रमिलाबाई मूळच्या पारोळ्याजवळच्या खेड्यातल्या. सातवीपर्यंत शिकल्या आणि लग्न होऊन इकडे, चोपड्याच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी आल्या. सासरी केळीचे मळे. नगरपालिकेत वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला तेव्हा उभं राहायची हौस खरं तर त्यांच्या नवऱ्याला, मोतीलालला होती. ते जमेना म्हणून त्याने बायकोला उभं केलं. त्या निवडून आल्यावर पहिल्या सभेला तोच नवं धोतर नेसून गेला. शिपायाने त्याला चहा दिला आणि बाहेरच्या बाकावर बसवलं. दुसऱ्या सभेला तो गेला नाही. "बाहेर बसाले मी काय वाजंत्रीवाला शे का?" असं त्याने घरी येऊन विचारलं. तेव्हापासून सभेला प्रमिलाबाई जाऊ लागल्या.

शहाण्णवच्या श्रावणात गावातला खारी नाला तुंबला. पुलाखालून पाणी पुढं सरकेना, ते मागं फिरून नालाकाठच्या वस्तीत शिरलं. पालिकेच्या माणसांनी कमानीत बांबू घालून अडकलेलं ओढून काढलं, तर निघाली थर्माकोलची ताटं. उन्हाळ्यातल्या साऱ्या लग्नांची. एकावर एक दाबली जाऊन त्यांची भिंत झाली होती, आणि वरणाचे पिवळे डाग अजून तसेच होते.

मग पालिकेने 'शहर पर्यावरण कृती समिती' नेमली. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक चुडामण सर. एक डॉक्टर, एक कापडाचे व्यापारी, दोन नगरसेवक, आणि एक बाई हवी म्हणून प्रमिलाबाई. पहिल्या दोन बैठकांत झाडं लावायची ठरली, नाल्याला कठडा बांधायचं ठरलं, थर्माकोलविरुद्ध पाट्या रंगवायचं ठरलं. पळसाच्या पत्रावळींचा विषय निघाला. पण मागणीच संपल्याने डोंगरातल्या बायकांनी पत्रावळी लावणं सोडून दिलं होतं, आणि पातळ वरण पत्रावळीतून झिरपतं ही तक्रार जुनीच होती. केळीचं पान गावात हवं तेवढं, पण घड लागलेल्या झाडाचं पान कोणी शेतकरी कापू देत नाही. शिवाय या भागातलं लग्नाचं जेवण म्हणजे वरण-बट्टी. बट्टी कुस्करून त्यावर वरण ओतायचं तर ताटाला काठ लागतो. थर्माकोलला तो होता, म्हणून तर ते इतक्या लवकर घराघरांत रुजलं.

तिसऱ्या बैठकीत प्रमिलाबाई पहिल्यांदा बोलल्या.

"सर, झाडं पावसाळ्यात लावू. पण तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई आली. नाल्यात परत तेच पडणार. लोकांना ताटं द्या."

"कुठली ताटं, ताई?"

"घरोघरी आहेत. आहेरात आलेली. माळ्यावर पडून आहेत. एकेका घराने एकेक दिलं तरी गावाची पंगत उठेल."

कापडाचे व्यापारी हसले. "ताट देतील हो. पण ताटावरचं नाव कोण सोडणार?"

"नाव कशाला सोडायचं? राहू द्या. देणाऱ्याचं नाव असलं तर ताट हरवत नाही."

हे सगळ्यांना पटलं. बाजारात भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या तोतारामने आपलं नाव टाकायचं मशीन समितीच्या कामाला लावलं, आणि त्यात स्वतःची एक सुधारणा केली. आहेराच्या ताटावर नाव काठाला असतं. तोताराम म्हणाला, "काठवर नाव टाकं की वाचाले ताट गरगर फिरावनं पडस. देनाराले काय मजा? मधमा टाकसू, मोठं." देणाऱ्यांनाही ते आवडलं. काठावर ज्यांची जुनी नावं होती त्यांनीही मधोमध पुन्हा टाकून घेतली. त्या दिवसांत कोणालाही त्यात काही वावगं दिसलं नाही.

प्रमिलाबाई हातगाडी घेऊन गल्लोगल्ली फिरल्या. नालाकाठच्या वस्तीत मात्र त्यांनी ताट मागितलं नाही. तिथल्या भिंतींवर गुडघ्याएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ अजून दिसत होती. त्या फक्त विचारपूस करून परतत होत्या, तेव्हा शेवंताबाईंनी हाक मारली.

"ओ ताई, आमनं ताट चालत नही का?"

शेवंताबाईंचा मुलगा भटू केळीचे ट्रक भरायला जायचा. वर्षापूर्वी काविळीने गेला. त्याने आपल्या कमाईतून स्वतःसाठी घेतलेलं एक जाड, खोल काठाचं ताट त्यांनी पदराने पुसून पुढं केलं.

"हाई भटूनं शे ना? राहू दे घरमा," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"घरमा ऱ्हास म्हनीसन तं मी रोज घासस. कोनी जेवत नही आनि मी घासस. लई जा. चार लोके जेवतीन. फक्त त्यानं नाव टाका, आनि मंग पुसू नका."

"नाव तसंच ऱ्हाई. मना शबूद शे."

तोतारामने अक्षर चांगलं काढलं: कै. भटू वना बैसाणे.

कार्तिक-मार्गशीर्षातली लग्नं नीट पार पडली. ताटं जात, घासून परत येत. नाल्याकडे जाऊन चुडामण सर स्वतः पाहून आले आणि बैठकीत म्हणाले, "पाणी दिसतंय." त्यांच्या तोंडी ही मोठी स्तुती होती.

माघात बाजारपेठेतल्या एका घरी लग्न होतं. चोपड्याहून आलेले एक वयस्कर पाहुणे सावकाश, चवीने जेवत होते. वरण संपत आलं तसं त्याखालून एकेक अक्षर वर येऊ लागलं. नाव पूर्ण झालं. त्यांनी ते वाचलं, हात ताटावर तसाच धरला आणि ताक न पिता उठले.  दारात यजमानांना एवढंच म्हणाले, "तुमच्याकडे आता असं चालतं का?"

नाव वाचलं की आडनाव कळतं आणि आडनाव कळलं की वस्ती कळते. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. भटूच्या ताटाचं काय झालं हे शेवंताबाईंनाही कळलं असणार, पण त्या काही विचारायला आल्या नाहीत.

दुसऱ्या आठवड्यापासून ताटं मागायला येणारे दारात घुटमळू लागले. बोलणं सौम्य असे. "आमचं काही नाही ताई, पण पाहुणे असतात. आमच्या लोकांच्या नावांची तेवढी निवडून द्या." एकदा प्रमिलाबाई खरंच निवडायला बसल्या. त्यांना वाटलं होतं, हे किचकट काम असेल. तसं झालं नाही. एकेक नाव वाचून त्या ताट या चवडीवर, त्या चवडीवर ठेवत गेल्या, आणि कुठंही हात अडला नाही. कुठलं नाव कुठं जातं हे विचार न करता कळत होतं. चवडी लागल्या तेव्हा त्या जरा वेळ त्यांच्याकडे पाहत बसल्या. मग उठून सगळी ताटं पुन्हा एकत्र केली आणि मागायला आलेल्याला सांगितलं, "निवडून मिळणार नाहीत." त्या लग्नाला थर्माकोल आलं.

विषय समितीपुढे आला. तोताराम मुद्दाम हजर होता. "बफवर, पॉलिशना चाकवर, धरं की नाव गायब. बठ्ठी, एकोनएक ताटं चकाचक करी दिसू," त्याने सांगितलं. मधोमध नाव टाकायची कल्पना आपली होती हे तो एव्हाना विसरला होता.

"एक तर नावं काढा, नाही तर निवडून द्या," डॉक्टर म्हणाले. "तिसरं काय करणार?"

"तिसरं म्हणजे आहे तशी द्यायची," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"तशी कोणी नेत नाही."

चुडामण सरांनी पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली. ते तुटक बोलणारे, पण सरळ मनाचे गृहस्थ होते. "प्रमिलाताई, ही समिती नाला मोकळा ठेवायला नेमली आहे. जात मोडायला नेमलेली नाही. ते काम मोठं आहे, आपल्या हातून होणारं नाही. हे होण्यासारखं आहे. नावं काढली तर नाला वाहील."

"मी शब्द दिलाय, सर. नाव पुसणार नाही म्हणून."

"तुम्ही दिलाय. समितीने नाही."

"समितीच्या नावावर दिलाय. ताट माझ्याकडे बघून दिलं असतं तर मी माझ्या घरी ठेवलं असतं."

 शेवटी सरांनी मुदत दिली. वैशाखातली लग्नसराई संपेपर्यंत ताटं आहेत तशी लग्नांना जायला लागली तर ठीक, नाही तर सगळी तोतारामच्या बफवर जातील.

वैशाखात गावातलं सगळ्यात मोठं लग्न प्रमिलाबाईंच्या घरचंच होतं. मोठे दीर रतिलाल नाना यांची मुलगी कुंदा. नवरदेव चाळीसगावचा. केळीच्या भावापासून मंदिराच्या कळसापर्यंत नानांचा शब्द गावात मोजला जाई. नानांनी ताटं नेली की बाकीचे नेणार, हे प्रमिलाबाईंना माहीत होतं आणि नानांनाही माहीत होतं.

सभेत मोठ्याने बोलणाऱ्या प्रमिलाबाई घरी दिरासमोर डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आतच उभ्या राहत. तिथूनच त्यांनी विषय काढला.

नाना पान लावत होते. "तू चांगलं काम करी राहिनी. माले बठ्ठं मान्य शे. पन व्याही पंगतमा बठना आनि नाव वाचाले लागना, तं मी काय सांगू? मना घरनं पह्यलं लगीन शे, प्रमिला. माले तमासा नको."

"मंग थर्माकोल आनशात का?"

"थर्माकोल नही. मना लगीनमा थर्माकोलनं एक पान दिसाले नको, असं मी बाजारमा सांगी टाकेल शे."

"मंग काय केळीना खांबवर वाढशात?"

नाना हसले. त्यांनी उत्तर शोधून ठेवलं होतं. "पह्यले गावजेवनले लोके कसा येत? आपलं ताट, आपला तांब्या. तसंच करसू. बोलावनं देतांना सांगसू, ताट लई या. कोनले कोनना ताटमा जेवाले नको, आनि नालामा भी काही पडाले नको."

तोड बिनतोड होती. नाला मोकळा राहणार, पाहुणे खूश, थर्माकोल नाही. बंद खोलीतली ताटं तेवढी खोलीतच राहणार होती. चुडामण सरांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी नानांचं कौतुक केलं.  नंतर एकदा प्रमिलाबाई मोतीलालला म्हणाल्या, "नाना गावले मांगे लई गया आनि समितीनं काम पुढे गयं." मोतीलालने विचारलं, "मंग भांडन कसानं?" 

लग्नाच्या दिवशी गाव खरोखरच पिशव्यांतून ताटं घेऊन आलं. पंगतीत कोणी पितळी ताट मांडलं, कोणी ॲल्युमिनियमचं. म्हाताऱ्यांना जुने दिवस आठवले. नाना मांडवात मिरवत होते.

पण वऱ्हाडाला ताट आणा असं सांगता येत नाही. तो व्याह्यांचा अपमान. त्यांच्यासाठी नानांनी घरची आणि भाऊबंदांची ताटं गोळा करून ठेवली होती, वऱ्हाड किती येईल याचा अंदाज घेऊन. चाळीसगावाहून ट्रक निघाले, वाटेत पारोळ्याला सोयरे चढले, पुढं त्या सोयऱ्यांचे सोयरे चढले. मांडवापुढं ट्रक थांबले तेव्हा माणसं उतरतच राहिली. पहिली पंगत बसली आणि निम्म्या लोकांपुढं ताटच नाही. बट्ट्या तळून तयार, वरणाला उकळी आलेली, आणि पाहुणे मांडी घालून मोकळ्या जमिनीकडे पाहताहेत.

नाना बायकांच्या बाजूला धावत आले.

"किल्ली कोठे शे?"

"मनापाशी."

"आपला लोकेसना नावनी ताटं काढीसन दे. जल्दी."

प्रमिलाबाईंनी जुडगा कमरेतून काढला, पण हातातच धरला. "निवडाले येळ कोठे शे, नाना? जशी चवड शे तशीच न्या. नही तं तोतारामना शेजारना दुकानमा थर्माकोल शे, ते मंगाडा."

नानांनी पंगतीकडे पाहिलं, मग मांडवाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या चुडामण सरांकडे पाहिलं. थर्माकोलचं एक पान दिसायला नको, हे त्यांचं वाक्य अख्ख्या बाजाराने ऐकलं होतं.

"तू येळ बरा साधना," ते म्हणाले.

"वऱ्हाड मी नही बोलावं, नाना."

त्यांनी किल्ली घेतली. हातगाडीवरून ताटं आली, फडक्याने पुसली, भराभर मांडली. कुठलं ताट कोणापुढं जातंय हे पाहायला कोणालाच सवड नव्हती. बट्टी पडली, वरण पडलं, तूप पडलं, आणि सगळी नावं झाकली गेली.

मग नानांनी केलं ते गावात पुढं बरेच दिवस सांगितलं जात होतं, कारण न कळता. एरवी यजमान पंगतीतून हात जोडत एक फेरी मारतो. नानांनी वरणाची बादली वाढप्याच्या हातून घेतली आणि स्वतः वाढू लागले. कोणाच्या ताटात वरण जरा कमी दिसलं की नाना तिथं हजर. नको म्हणणाऱ्याच्या हातावर वाढलं, शपथा घातल्या, व्याह्यांच्या भावाला नातवाची आण घातली. ताटाचा तळ दिसला की नाव दिसणार होतं. चाळीसगावकर चकित झाले. असा आग्रह त्यांनी पाहिला नव्हता. "याही दिलदार शे," असं एकाने शेजाऱ्याला म्हटलं. बायकांच्या बाजूने प्रमिलाबाई हे पाहत होत्या. त्यांना हसू आलं, आणि ते लपवायला पदर होताच.

नवरदेवाचे चुलत आजोबा, हिलाल आबा, पहिल्या ओळीत होते. ताटात अन्न टाकायचं नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. नाना दोनदा आले, आबांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. शेवटच्या बट्टीच्या तुकड्याने त्यांनी ताट निपटून घेतलं, चष्मा वर केला आणि ठासून, शाळेत वाचतात तसं वाचलं.

"कै. भटू वना बैसाणे." मग वर पाहिलं. "कोन हाऊ?"

 नाना बादली धरून उभे होते.

"आमना गावना पोऱ्या व्हता," ते म्हणाले. "केळीना ट्रक भरे."

"तरना गया?"

"हा. कावीळ व्हयनी."

आबांनी मान हलवली. तांब्या शेजारीच होता. त्यांच्या वयाचे लोक जेवल्या ताटातच हात धुतात. आबांनी तांब्या उचलला, गुडघ्यावर हात टेकून उठले आणि मांडवाबाहेर जाऊन मोरीवर हात धुतले. वडीलमाणूस उठलं म्हणून पंगत उठली.

गेलेल्या पोराच्या नावावर खरकटं पाणी टाकायचं नाही म्हणून ते बाहेर गेले, की त्या ताटाशी आणखी संबंध नको म्हणून गेले, हे कोणी विचारलं नाही. नानांनी विचारलं नाही, कारण उत्तर दुसरं निघालं असतं तर पंचाईत होती. लग्न निर्विघ्न पार पडलं. कुंदा सासरी गेली.

पुढच्या बैठकीत सरांनी विचारलं, "ताटं रतिलाल नानांकडे गेली होती?"

"गेली होती."

"निवडून?"

"नाही."

सरांनी बफचा विषय बाजूला ठेवला आणि झाडांच्या कुंपणाचा घेतला. तोतारामला मात्र वाईट वाटलं. त्याने बफसाठी नवी चकती मागवून ठेवली होती.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. काही घरं ताटं आहेत तशी नेऊ लागली, नानांकडे चाललं तर आपल्याकडे का नाही म्हणून. काहींनी नानांची ताट-तांब्याची युक्ती उचलली. काहींनी थर्माकोल सोडलं नाही. त्या पावसाळ्यात नाला तुंबला नाही. त्यानंतरच्या पावसाळ्यात पुन्हा थोडा तुंबला, यावेळी दुकानांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी, आणि समितीला नवा विषय मिळाला. लावलेल्या झाडांपैकी कुंपण असलेली जगली.

नावं मात्र कोणी पुसली नाहीत.

लग्नाचा शिणवटा गेल्यावर प्रमिलाबाई नालाकाठी गेल्या. शेवंताबाई दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी बसायला पोतं टाकलं आणि बऱ्याच वेळाने, सहज विचारल्यासारखं विचारलं,

"मना भटूनं ताट जास का कोठे आते?"

"नानासघर गयं व्हतं. कुंदाना लगीनले. चाळीसगावना आबा जेवनात त्यामा."

"काय व्हतं?"

"वरण-बट्टी."

शेवंताबाईंनी सूप हलवलं. खडे एका कडेला आले. "पोटभर वाढं का त्यासले?"

"नाना सोता बादली लईसन फिरी ऱ्हायना व्हता," प्रमिलाबाई म्हणाल्या. "कोनना ताटना तळ दिसू दिधा नही."